तुझं मी भरीन, माझं तू भर

दिलीप,

काल मी बँकेत जाऊन मूर्खपणा करून आले. तू असतास तर आठवडाभर मला चिडवलं असतंस आणि आल्यागेल्याला मीठमसाला लावून सांगितलं असतंस. तू नाहीस, म्हणून मलाच तुला सांगायला हवं.

केतकीने मला एक फाईल करून दिली आहे. त्यात तुझ्या मृत्यूच्या दाखल्याच्या वीस झेरॉक्स, तुझं आधार, माझं आधार, लग्नाचा दाखला, सगळं क्रमाने लावलेलं. रोज बोरिवलीहून फोन करते, "आई, आज कुठे कुठे जाऊन आलीस?" जसं काही मी तिची शाळकरी मुलगी आहे आणि तिला माझा गृहपाठ तपासायचा आहे. तुझं तेरावं झाल्यापासून मी हेच करते आहे. सोसायटीच्या ऑफिसात जा, विजेच्या बिलावरचं नाव बदल, गॅसवाल्याकडे जा, आणि प्रत्येक ठिकाणी नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहून सही कर. मी तुझी पत्नी आहे हे एकतीस वर्षांच्या संसारात एवढ्या वेळा कधी लिहिलं नव्हतं. दमले रे मी. गुडघे तर दमलेच, पण समोरचा माणूस "सॉरी हं" म्हणाला की मान हलवायचाही आता कंटाळा येतो.

काल मुलुंडच्या आपल्या बँकेची पाळी होती. केतकीने बजावलं होतं, "बाबा गेल्याचं कळव, पीपीएफच्या क्लेमचा फॉर्म घे आणि घरी ये." एवढंच काम. पण मी सकाळी डाळीला फोडणी देऊन झाल्यावर माझं चेकबुक काढलं आणि तुझ्या पीपीएफच्या नावाने चेक लिहिला. स्लिपही भरली. ठरवूनच निघाले होते की आधी चेक भरायचा, शिक्का मारून पावती हातात घ्यायची आणि मग दाखला पुढे करायचा. हे बरोबर नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं, तरी नाहूरहून रिक्षा केली.

काउंटरवर नवी मुलगी आहे, चष्मेवाली. तिने स्लिप बघितली, चेक बघितला. "मॅडम, चेक तुमचा आणि खातं सरांचं?"

"हो," मी म्हटलं, "आमच्यात असंच असतं."

खोटं बोलले. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत असंच असायचं. ती शिक्का उचलणार तेवढ्यात चेकच्या मागे फोन नंबर लिहा म्हणाली, म्हणून पेन काढायला मी फाईल उघडली आणि तुझा दाखला सगळ्यात वर. केतकीने क्रमाने लावलेला ना! त्या मुलीने तो उलटा असतानाच वाचला. शिक्का खाली ठेवला.

"हे... सर?"

"बावीस दिवस झाले."

"मग यात आता पैसे नाही भरता येणार, मॅडम. खातेदार गेल्यावर हे खातं फक्त बंद करता येतं."

"एकदाच भरायचे होते गं."

"नाही होत ना, मॅडम." आणि मग एकदम आवाज उतरवून, "काकू, तुम्ही बसा जरा. पाणी आणते."

मागच्या रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते. मी बाकड्यावर बसून पाणी प्यायले आणि मला तुझाच राग आला. कशाचाही राग आला की तो तुझ्यावर काढायची सवय आहे, ती काय तीन आठवड्यांत जाते?

आठवतं तुला, ही खाती उघडली तेव्हा केतकी नर्सरीत होती. तू म्हणाला होतास, आपण एकच खातं करू, दोघांचे पगार त्यात टाकू, घरखर्च त्यातूनच आणि बचतही त्यातूनच. मी नाही म्हटलं. माझ्या आईला बँकेतून स्वतःच्या सहीने कधी शंभर रुपये काढता आले नव्हते. तिचं नाव वडिलांच्या नावाला जोडलेलं होतं, पण चेकबुक वडिलांच्या कपाटात. मी शाळेच्या प्रयोगशाळेत दिवसभर अ‍ॅसिडच्या बाटल्या धुवून मिळवलेला पगार माझ्या खात्यातच राहणार, असं मी तुला तोंडावर सांगितलं. तू तीन दिवस फुगून बसलास. तुझ्या आईने मला तिच्या मालवणीत विचारलं, "झिलाक काय झाला गो? जेवणा नाय नीट." मी म्हटलं, काही नाही, पगारवाढीची काळजी आहे.

चौथ्या दिवशी तू भांडुपच्या बाजारातून पापलेट घेऊन आलास. तुझ्याकडे माफी मागायची हीच पद्धत होती, तोंडाने कधी मागितली नाहीस. मासे ओट्यावर ठेवून म्हणालास, "ठीक आहे. खाती वेगळी. पगार ज्याचा त्याच्याकडे. पीपीएफ तर तसंही दोघांच्या नावाने होतच नाही, एकेकट्याचंच असतं. पण त्यात तुझं मी भरीन, माझं तू भर."

"याचा अर्थ काय? शेवटी पैसे तेवढेच."

"तेवढेच. पण स्वतःचं भरायचं असलं तर आपण दोघंही टाळू. मी पंखा घेईन, तू साडी घेशील. बायकोचं टाळलं तर बायको घरात बसलेली असते विचारायला."

मी हसले आणि हो म्हणून टाकलं. एवढ्या हुशारीने आपण संसारात दुसरं काही ठरवल्याचं मला आठवत नाही.

मग दर वर्षी एप्रिलच्या दोन ते पाच तारखेच्या मध्ये आपली ती वारी ठरलेली. पाच तारखेच्या आत भरलं की त्या महिन्याचंही व्याज मिळतं, हे तू मला दर वर्षी नव्याने समजावायचास आणि मी दर वर्षी नव्याने ऐकल्यासारखं करायचे. तू माझ्या खात्याचा चेक लिहायचास, मी तुझ्या. काउंटरवरचा माणूस स्लिपा फिरवून फिरवून बघायचा. "अहो, उलट्या भरल्यात का?" तू चेहरा जराही न हलवता म्हणायचास, "आमच्या घरात सगळं उलटंच आहे, साहेब." तुझ्या कंपनीतल्या अकाउंट्सवाल्याने तर तुला बायकोचं पासबुक कशाला आणलं म्हणून परत पाठवलं होतं. बायकोच्या खात्यात भरलं तरी करात सूट मिळते हे त्याला पटवायला तू आपल्या खालच्या मजल्यावरच्या सीएंना फोन लावून दिलास. आणि बँकेतून निघाल्यावर स्टेशनसमोरच्या उडप्याकडे मसाला डोसा. त्याचे पैसे कोण देणार यावरून मात्र आपण कधी भांडलो नाही, तूच द्यायचास.

मग ती दोन वर्षं आली.

तुझी कंपनी वापीला गेली, तू गेला नाहीस. घाटकोपरला कमी पगारावर लागलास. ते तू मला सांगितलंस, लपवलं नाहीस, हे मी नेहमी तुझ्या बाजूने धरलं. पण त्या एप्रिलमध्ये म्हणालास, "तू कशाला रजा घेतेस? तुझा चेक दे, मी दोन्ही भरून येतो." आलास, चप्पल काढलीस आणि म्हणालास, "झालं." पुढच्या वर्षीही तसंच. "झालं." मी पावती मागितली नाही. नवऱ्याकडे कोण पावती मागतं?

केतकी तेव्हा इंजिनीअरिंगला होती. फीची तारीख जवळ आली की तू गप्प गप्प व्हायचास. मला वाटलं, आपण थोडा हातभार लावू. तुला न सांगता, एका दुपारी शाळेतून लवकर सुटून मी बँकेत गेले, माझ्या पीपीएफमधून थोडे पैसे काढून तुझ्या हातात ठेवायचे म्हणून. तिथला माणूस म्हणाला, "हे खातं बंद पडलंय. दोन वर्षं यात काहीच भरलेलं नाही. आधी दंड भरून चालू करा, मग काढायचं बघू." मी म्हटलं, चूक आहे, माझे मिस्टर स्वतः येऊन गेलेत. त्याने तुझंही खातं बघितलं. त्यात दोन्ही वर्षांचे माझे चेक व्यवस्थित जमा. तुझं खातं माझ्या पैशांवर बाळसं धरत होतं आणि माझं उपाशी बसलं होतं.

संध्याकाळी तू आलास तेव्हा मी चहाही ठेवला नव्हता. तू सगळं कबूल केलंस, एका दमात. पैसे फीमध्ये गेले होते, मला माहीत होतं. उडवले नव्हतेस, कुणाला दिले नव्हतेस.

"मग माझा चेक तरी तुझ्या खात्यात का भरलास?"

"तो नसता भरला तर तुझ्या खात्यातून पैसे गेले नसते. तुला कळलं असतं."

"म्हणजे नीट विचार करून फसवलंस."

"फसवलं काय गो? आपल्याच पोरीची फी ना?"

"फीचं मी बोलतच नाहीये. तू 'झालं' म्हणालास. दोनदा."

दुसऱ्या दिवशी तू अर्धी रजा टाकून बँकेत गेलास आणि खातं चालू करून आलास. वर्षाचे कमीत कमी पाचशे आणि पन्नास दंड, असे दोन वर्षांचे मिळून अकराशे रुपये. पावती टेबलावर माझ्यासमोर ठेवलीस आणि सुटकेने म्हणालास, "अकराशेत मिटलं." मी अशी भडकले की शेजारच्या वहिनींनी दार उघडून बघितलं. बँकेचं मिटलं असेल, माझं मिटलं नव्हतं. त्या दिवशी मी सांगून टाकलं की यापुढे माझं मी भरीन, तुझं तू भर.

पुढची अकरा वर्षं तसंच चाललं; पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर खाती पुढे वाढवायलासुद्धा आपण वेगवेगळे गेलो. तू दोन तारखेला जायचास, मी चारला. डोसाही आपण त्यानंतर तिथे खाल्ला नाही. सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी म्हणून एक छोटं जॉइंट खातं उघडलं, तेवढंच काय ते दोघांचं.

पण तू चिकाटीचा. मार्च लागला की सुरू. "यंदा अदलाबदल करूया मा?" विनवायचं असलं की तुझ्या तोंडी 'ना'च्या जागी आईचा मालवणी 'मा' यायचा. पहिल्या वर्षी मी भांडं आपटलं. दुसऱ्या वर्षी टीव्हीचा आवाज वाढवला. मग मी "बघू" म्हणायला लागले आणि तू त्या "बघू"लाच धरून बसलास. एका वर्षी तू चिठ्ठी लिहून डब्यात ठेवलीस, पोळ्यांच्या वर, आणि शाळेतल्या सगळ्या बायकांनी ती वाचली. एकदा माझ्या मागे मागे बाल्कनीत येऊन, मी कपडे वाळत घालत असताना चिमटे पुरवत म्हणालास, "करूया मा गो?" केतकीच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा तू व्याह्यांना सांगितलंस की आमच्याकडे एक प्रकरण मार्चपर्यंत पेंडिंग आहे. मी लाजेने पाणी पाणी झाले. दर वर्षी "बघू" म्हटलं की तू हात झटकून म्हणायचास, "जावंदे. पुढच्या वर्षी." आणि मग चहा मागायचास.

केतकीला पहिला पगार झाला तो दिवस मात्र वेगळा होता. ती पेढे घेऊन आली, तुझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या पैशांचं चीज झालं." तू तिला उठवलंस आणि म्हणालास, "माझ्या कुठल्या? तू तुझ्या आईच्या पैशांवर शिकलीस. तिच्या हक्काचे दोन वर्षांचे पैसे मी तिला न विचारता तुला दिले. पाया तिच्या पड." घरात तुझा भाऊ होता, वहिनी होत्या, सगळ्यांसमोर बोललास. मी ताटली आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच उभी राहिले. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. पुढच्या मार्चमध्ये तू विचारलंस, मी पुन्हा "बघू" म्हटलं.

आणि यंदाचा मार्च आला. पहिला आठवडा गेला, तू विचारलं नाहीस. मी वाट बघत होते. चहा देताना जरा जास्त वेळ उभी राहायचे. तू पेपर वाचायचास, नाहीतर खिडकीतून नाहूरच्या पुलावरच्या गाड्या बघत बसायचास. तू थकलायस हे मला दिसायला हवं होतं. मासे आणायला जाणं तू महिनाभर बंद केलं होतंस, तेही मला दिसायला हवं होतं. मला एवढंच दिसत होतं की हा यंदा विसरला. मग वाटलं, विसरला नाही, कंटाळला. आणि मला राग यायला लागला, तो दिवसागणिक वाढत गेला.

तू गेलास त्याच्या दोन दिवस आधी, मी मटार सोलत होते. तू आतून म्हणालास, "बँकेत कधी जायचं गो?"

मी म्हटलं, "तुझं तू बघ, माझं मी बघते."

तू "जावंदे" पण म्हणाला नाहीस. त्यानंतर दोन दिवस आपण बोललो, नाही असं नाही. दूधवाल्याचं, केतकीच्या सर्दीचं, नळाला पाणी कमी येतंय त्याचं. पण बँकेचं पुन्हा निघालं नाही. मी मनाशी म्हणत होते, राहू दे, एप्रिल लागला की मीच सांगते. एक तारखेला सांगते. तुझा चेक मी लिहीन आणि तुझ्यासमोर टाकीन, बघू काय करतोस.

तू असा काही घाईचा माणूस नव्हतास रे. कुठे जायचं असलं तर चप्पल घालायला पंधरा मिनिटं लावायचास.

अकरा वर्षांत तू मला कधी विचारलं नव्हतंस की मी बँकेत कधी जाणार. मग यंदा का विचारलंस? अदलाबदलीचंच विचारत होतास का? थकला होतास म्हणून थोडक्यात विचारलंस का? मी हे तीन आठवडे घोळवते आहे. तुझ्या चेकबुकात बघितलं, तुझ्या डायरीत बघितलं, फोनमध्येही बघितलं. कुठे काही नाही. चेकबुक कोरं आहे, डायरीत दुधाचे खाडे आहेत.

काल त्या मुलीने मला क्लेमचा फॉर्म दिला. नॉमिनी मीच आहे, हे तिने शोधून सांगितलं. मग विचारलं, "काकू, हे पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यात टाकायचे की जॉइंटला?" साधा प्रश्न होता, पण मी "घरी विचारून सांगते" म्हणून फॉर्म फाईलमध्ये घातला. त्यात पहिल्या वर्षांचे पैसे माझे, नंतरचे तुझे, मधल्या दोन वर्षांचे माझे, पण तुझ्या 'झालं'वर विसंबून दिलेले. कुठे टाकू? घरी येऊन केतकीला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या खात्यात टाक ना आई, त्यात काय एवढं?" मी हो म्हटलं. तिचं बरोबरच आहे. पेढ्यांच्या दिवशी तू बोललास तेवढंच तिला माहीत आहे, तिच्या फीचं होतं म्हणून त्या 'झालं'चं आणि आपल्या भांडणाचं आपण दोघांनीही तिला कधी सांगितलं नाही. एवढ्या एका बाबतीत आपलं एकमत होतं.

आज पाच तारीख आहे. माझ्या खात्यात मी यंदा काही भरलेलं नाही, आणि आता उठून मुलुंडला जायची ताकद नाही. जाऊ दे महिन्याचं व्याज. भाजी तशीच पडली आहे, ती निवडायची आहे. त्याआधी तुला एक सांगते, जे पेढ्यांच्या दिवशीच सांगायला हवं होतं.

माझा राग त्याच दिवशी गेला होता, दिलीप. आत ताटली शोधत उभी होते तेव्हाच गेला. त्यानंतरचे सात मार्च मी "बघू" म्हणत राहिले तेव्हा मनात रागाचा कण नव्हता. तुला वाटलं असेल, ही बाई दगडाची आहे, अकराशे रुपयांची चूक मरेपर्यंत धरून ठेवेल. तसं वाटूनच गेलास का, हे मला आता कोण सांगणार? खरं एवढंच होतं की वर्षभर तू मला गॅस, दूध आणि बिलं यांखेरीज काही विचारायचा नाहीस, आणि मार्च आला की माझ्यामागे घरभर फिरायचास. मी हो म्हटलं असतं, तर तू विचारायचा थांबला असतास.